भीमथडीची वही : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात भीमथडी घोड्यावरचा लेख प्रसिद्ध झाल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे याच एका विषयाची आहेत. तो अंक ज्यांच्या हाती आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने जानेवारी २०२४ मध्ये भीमथडी घोड्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली आणि देशात नोंद झालेल्या घोड्यांच्या जातींत तो आठवा ठरला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांत, मुख्यतः धनगर मेंढपाळांच्या वाड्यांबरोबर, म्हणजे मेंढरांसह फिरणाऱ्या बिऱ्हाडांबरोबर, हा घोडा टिकून राहिला आहे. राज्यगीतामुळे त्याचे नाव शाळकरी मुलांनाही पाठ असते, पण समोर उभा केला तर ओळखणारी माणसे थोडीच निघतात. आलेल्या पत्रांतून पाच प्रश्न निवडले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : भीमथडी घोडा स्थानिक तट्टे आणि अरबी-तुर्की घोडे यांच्या संकरातून झाला, असे आपण लिहिले होते. संकरित गाईला आपण देशी म्हणत नाही. मग संकरित घोड्याला देशी जात म्हणून मान्यता कशी मिळाली?
— एक शिक्षिका, बारामती

प्रश्न अगदी योग्य आहे, कारण ‘संकर’ आणि ‘जात’ हे शब्द एकमेकांच्या विरुद्ध आहेत अशी आपली समजूत असते. वास्तविक त्या एकाच वाटेवरच्या मागच्या-पुढच्या दोन अवस्था आहेत. सतराव्या-अठराव्या शतकांत मराठी फौजांना घोड्यांची सतत गरज असे. बाहेरून आलेले अरबी आणि तुर्की घोडे अंगाने देखणे आणि वेगाने चांगले असले, तरी दख्खनच्या कडबा-कुरणावर, दगडधोंड्यांच्या वाटांवर आणि दुष्काळी वर्षांत टिकाव धरत ती भीमा-नीरा खोऱ्यातली मूळची लहानखुरी तट्टे. त्या दोहोंच्या मिलाफातून जो घोडा झाला, तो पुढे पिढ्यान्‌पिढ्या आपसात फळत राहिला आणि शिंगरे आईबापांच्याच वळणावर जाऊ लागली. सारख्यापासून सारखे निपजू लागले की संकराची जात झाली असे पशुशास्त्र मानते. बाहेरचे रक्त किती शतकांपूर्वी आले याला त्यात दुय्यम महत्त्व असते.

याच न्यायाने जगातला सर्वांत काटेकोर नोंदीचा घोडाही मुळात संकरितच आहे. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्याचे मूळ इंग्लंडमधल्या स्थानिक घोड्या आणि पूर्वेकडून नेलेले मोजके वळू घोडे यांच्यात आहे, आणि त्याची वंशावळीची पहिली वही १७९१ मध्ये छापली गेली. आणखी जवळचे उदाहरण हवे असेल, तर ज्या यादीत भीमथडीला मान्यता मिळाली त्याच यादीत फ्रीजवाल ही गायही होती. होल्स्टिन फ्रीजियन आणि साहिवाल यांच्या संकरातून मिलिटरी फार्मांवर घडवलेल्या आणि दोन्ही रक्तांचे प्रमाण ठरवून स्थिर केलेल्या या गाईला आज ‘जात’ म्हणूनच नोंद मिळाली आहे. फरक एवढाच, की फ्रीजवालच्या प्रत्येक पिढीची नोंद कागदावर होती आणि भीमथडीची नोंद माणसांच्या डोक्यात होती.

प्रश्न : आमच्या वाड्याबरोबर आजोबांपासून घोड्या आहेत. सध्या माझ्याकडे दोन घोड्या आणि एक नऊ महिन्यांचे शिंगरू आहे. जातीची नोंद झाली म्हणजे माझ्या घोड्यांचीही झाली का? झाली नसेल तर काय करावे, आणि त्याचा आम्हाला उपयोग काय?
— एक मेंढपाळ, ता. इंदापूर

आपल्या घोड्यांची नोंद झालेली नाही. हे आधी स्पष्ट सांगतो, कारण गेल्या दोन वर्षांत हाच गैरसमज मी सर्वांत जास्त ऐकला आहे. कर्नालला झालेली नोंद जातीची आहे. भीमथडी नावाची जात आहे, ती अमुक भागात आढळते आणि तिची लक्षणे अशी आहेत, एवढे त्या नोंदीने मान्य केले. आपली घोडी त्या जातीची आहे हे सांगणारी वही वेगळी असते आणि ती घोडा पाळणाऱ्यांनी व त्यांच्या संघटनेने मिळून लिहायची असते. भीमथडीसाठी बारामतीहून काम करणारी पालकांची संघटना आहे. तिच्याशी आणि आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा. पण कोणाच्याही दारात जाण्यापूर्वी घरी करण्यासारखे बरेच आहे, आणि ते आजच सुरू करावे.

पहिली गोष्ट ओळखीची. प्रत्येक जनावराचे डाव्या बाजूने, उजव्या बाजूने, समोरून आणि मागून असे चार फोटो घ्यावेत. घोडा सपाट जमिनीवर उभा असावा, खोगीर उतरवलेले असावे आणि चारही खूर दिसावेत. कपाळावरचा टिळा, पायांचे पांढरे आणि अंगावरचे भोवरे कुठे आहेत ते कागदावर लिहून ठेवावे. गाई-म्हशींच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो. घोड्याला त्याऐवजी मायक्रोचिप बसवतात. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीच्या खाली, दोन्ही टोकांच्या मधोमध सुईने आत सोडली जाते, आणि वाचनयंत्र वरून फिरवले की पंधरा आकडी क्रमांक दिसतो. घोडा क्षणभर अंग झटकतो, यापलीकडे त्याला त्रास होत नाही.

दुसरी गोष्ट वंशाची, आणि खरी अडचण इथेच आहे. काही वर्षांपूर्वी भीमेच्या काठी एका वाड्यावर जंत आणि खुरांच्या तपासणीसाठी गेलो होतो. वाघरीपाशी, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणापाशी, बसलेल्या एका आजींना मी सहज विचारले, की ही तांबडी घोडी कुठली. आजींनी हातातले काम न थांबवता सांगायला सुरुवात केली. हिची आई बांडी, ती कोकणातून येताना घाटात व्याली. बांडीची आई मोठ्या दिराच्या वाटणीची, तिची आई माझ्या सासऱ्यांनी अकलूजच्या बाजारातून आणलेली. घोडीच्या अंगावर हात न ठेवता, कागद न पाहता, चार पिढ्या त्यांनी अशा मोजल्या जशा कुळातल्या सुना मोजाव्यात. मी वहीत भराभर उतरवत होतो. मग विचारले, आणि बाप? आजी म्हणाल्या, “बापाचं काय इचारतासा, चरायला सोडल्यावर कुणाचा घोडा कुठं गाठ पडंल ते कुणी बघितलंय.” त्या वाक्यात भीमथडीच्या नोंदवहीचा सगळा प्रश्न आहे. आईची बाजू वाड्यावरच्या बायकांना तोंडपाठ आहे. बापाची बाजू रिकामी आहे.

म्हणून माझा आग्रह असा, की पहिल्या पिढीची नोंद पाहणीवर घ्यावी. अनुभवी परीक्षकांनी घोडा पाहावा, मापे घ्यावीत, लक्षणे जुळली तर त्याला मूळ नोंदीत स्थान द्यावे आणि बाप माहीत नाही म्हणून चांगली घोडी बाहेर ठेवू नये. नोंद नुकतीच सुरू होत असेल तेव्हा वही उघडी ठेवावीच लागते. मारवाडी घोड्यांची नोंदणी २००९ पासून सुरू झाली तेव्हाही प्रत्येक घोडा लक्षणांशी ताडून पाहणे, मापे व खुणा लिहिणे, फोटो घेणे आणि अंगावर क्रमांकाची खूण उमटवणे अशीच पद्धत ठेवली गेली. मात्र त्या पाहणीनंतर जन्मणाऱ्या शिंगरांना आई आणि बाप दोघांचाही पुरावा मागितलाच पाहिजे. आयाळीचे किंवा शेपटीचे वीस-तीस केस मुळासकट उपटून कागदी पाकिटात ठेवले, तर डीएनए तपासणीने बाप निश्चित करता येतो. केस कापून पाठवू नयेत, कारण तपासणी मुळाची होते. पाकीट प्लॅस्टिकचे नसावे, नाहीतर दमटपणाने नमुना खराब होतो.

घोडी कोणत्या दिवशी कोणत्या वळूकडे नेली एवढे जरी वहीत लिहिले, तरी साधारण अकरा महिन्यांनी जन्मणाऱ्या शिंगराची निम्मी नोंद तिथेच झाली असे समजा. आपल्या नऊ महिन्यांच्या शिंगराचा बाप आपल्याला ठाऊक असेल, तर त्याच्या मालकाकडून आजच दोन ओळी लिहून घ्याव्यात. चार वर्षांनी तो घोडा विकलेला असेल आणि मालकाला आठवणारही नाही.

आता उपयोगाविषयी. नोंद केली म्हणून उद्या पैसे मिळतील असे मी सांगणार नाही. पण बाजारात आज आपली घोडी ‘तट्टू’ म्हणून जाते आणि तिची किंमत दात व उंची पाहून ठरते; नोंद असलेली घोडी जातीच्या नावाने जाते आणि तिच्या शिंगरांनाही नाव लागते. शिवाय वळू घोड्यांची नोंद नसेल तर एकाच घोड्याची मुलगी पुन्हा त्यालाच फळते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. थोड्या संख्येच्या जातीला हा धोका सर्वांत मोठा असतो. पुण्याच्या रेसकोर्सवरच्या कार्यालयात देशभरातल्या थरोब्रेड शिंगरांच्या जन्माची नोंद ठेवली जाते, आणि तिथून दोन तासांच्या वाटेवर, ज्याच्या पाठीवर या प्रदेशाचा इतिहास घडला त्या घोड्याच्या बापाचे नाव कोणाला माहीत नसते. हे मला मनापासून लागते, आणि आपल्यासारख्या पालकांनी पत्र लिहून विचारले याचा म्हणूनच आनंद होतो.

प्रश्न : दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत माझा भीमथडी घोडा नेला होता. शेजारी मारवाडी आणि नुकरा (पांढरे शुभ्र) घोडे सजवून उभे होते. माझ्या घोड्याकडे कोणी पाहिलेही नाही. ओळखीचे लोक सांगतात, की घोडीला मारवाडी वळू लाव, उंची येईल आणि पुढच्या वेळी बक्षीस मिळेल. आपले मत काय?
— एक तरुण पालक, ता. माळशिरस

मारवाडी वळू लावू नये. आपला हिरमोड मी समजू शकतो. तापीकाठच्या त्या बाजारात मीही उभा राहिलो आहे. गोंडे लावलेला, खरारा करून चमकवलेला, ढोलावर पाय उचलणारा उंच घोडा शेजारी असताना घाटवाटेचा काटक घोडा कोणाच्या नजरेत भरणार? पण म्हणून घोडा बदलणे हा उपाय नव्हे.

आधी उंचीचेच बोलू. जन्मणाऱ्या शिंगराचा आकार मोठ्या प्रमाणात आईच्या गर्भाशयात ठरतो. केंब्रिज येथे १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रचंड आकाराची शायर जात आणि चिमुकली शेटलंड जात यांचा दोन्ही बाजूंनी संकर केला होता, आणि शायर घोडीच्या पोटी जन्मलेले शिंगरू शेटलंड घोडीच्या पोटी जन्मलेल्या शिंगराच्या जवळजवळ तिप्पट वजनाचे भरले. रक्ताचे प्रमाण दोन्हींत सारखेच होते. म्हणजे लहान घोडीला उंच वळू लावला तरी अपेक्षेएवढी उंची हाती येत नाही. समजा आली, तरी त्या पहिल्या पिढीतले देखणेपण पुढच्या पिढीत टिकत नाही. संकराची शिंगरे आपसात फळवली की कुणी आजोबांवर जाते, कुणी आजीवर, एखाद्याला मारवाडीची मान येते आणि भीमथडीचे पाय येत नाहीत. ती शिंगरे मारवाडीच्या वहीत बसत नाहीत आणि भीमथडीच्याही बसत नाहीत. आपण एक नोंदण्याजोगी घोडी त्या वर्षापुरती जातीतून वजा केली, एवढेच हाती राहते.

दोष घोड्याचा नसून प्रदर्शनातल्या स्पर्धेच्या गटाचा आहे. जो घोडा ज्या कामासाठी घडला, त्या कामाची परीक्षा ज्या प्रदर्शनात नाही तिथे तो हरणारच. आपल्याआधी सातवी जात म्हणून नोंदलेल्या कच्छी-सिंधी घोड्याचे पाहा. त्याची ओळख रेवाल चालीवर आहे, स्वाराला धक्का न लागू देणाऱ्या त्या चालीची स्वतंत्र स्पर्धा होते, आणि तिथे उंच घोड्याला उंचीचे गुण मिळत नाहीत. भीमथडीचे काम कोणते? दिवाळीनंतर वाडा कोकणाकडे निघाला की बिऱ्हाड, पाल, भांडी, कोंबड्या, चालता न येणारी कोकरे आणि कधी एखादे झोपलेले मूल, हे सगळे पाठीवर घेऊन घाट उतरायचा आणि पावसाआधी परत चढायचा. म्हणून भीमथडीचा गट असा असावा, की मापून दिलेले ओझे घेऊन ठरावीक अंतर चालायचे, वाटेत चढ-उतार असावा, आणि शेवटी पशुवैद्यकाने घोडा तपासून गुण द्यावेत.

ही तपासणी कशी करतात ते सांगतो, कारण गावच्या जत्रेतही ती सहज करता येते. घोड्याच्या डाव्या कोपराच्या मागे, छातीच्या खालच्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजावेत आणि त्याला चाराने गुणावे. विश्रांतीतल्या घोड्याचे ठोके साधारण अठ्ठावीस ते चव्वेचाळीसच्या दरम्यान असतात. दूरपल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत थांब्यावर आलेल्या घोड्याची नाडी ठरलेल्या मिनिटांत ६४ वर उतरली नाही तर त्याला बाद करतात, मग तो पहिला आलेला असो. त्यानंतर खोगीर काढून पाठीवर बोटे दाबत जावे. घोडा कुठे पाठ खाली घेतो का ते कळते. शेवटी मोरखी (तोंडावरची दोरी) धरून कडक जमिनीवर सरळ दुडकीने पळवावा आणि लंगडतो का ते पाहावे. हा गट सुरू झाला, तर सजवलेल्या घोड्यांपाशी उभी असलेली माणसे आपणहून या बाजूला येतील, कारण ओझ्यासह वीस किलोमीटर चालून आलेला घोडा शांत श्वास घेत उभा आहे हे दृश्य कोणालाही कळते.

हे काम आपल्या अकलूजच्या घोडेबाजारात सुरू व्हावे असे मला वाटते, कारण ते या घोड्याचे घर आहे. आयोजकांना पत्र लिहिताना दहा पालकांच्या सह्या घ्याव्यात. एकट्याने घोडा नेला की तो एक बुटका घोडा दिसतो. तेच वीस घोडे एका ओळीत, सारख्या बांध्याचे उभे राहिले की बघणाऱ्याला जात दिसते.

एक अट मात्र कोणत्याही प्रदर्शनाला सोडू नये. ग्लँडर्स हा रोग घोड्याकडून माणसालाही होतो, त्यावर घोड्यांना इलाज नाही, आणि बाधित घोड्याला कायद्याने मारावे लागते. म्हणून रक्ततपासणीचा अलीकडचा दाखला असल्याशिवाय घोडा नेऊ नये आणि दाखला नसलेल्या घोड्याशेजारी आपला घोडा बांधू नये. पाण्याची बादली आणि चंदीचा तोबरा घरचाच न्यावा.

प्रश्न : माझ्या मुलीची घोडी मोराब आहे, म्हणजे मॉर्गन आणि अरबी यांच्या संकराची. इथल्या प्रदर्शनांत ती ‘अर्ध-अरबी’ गटात उतरते आणि निकालपत्रकात तेवढेच छापले जाते. या जातीचे नाव पुढे यावे म्हणून आम्ही काय करू शकतो? भीमथडीचा लेख वाचून विचारावेसे वाटले.
— एक वाचक, कॅलिफोर्निया

आपले पत्र वाचून मला दोन्ही घोड्यांतले साम्य प्रकर्षाने जाणवले. मॉर्गन जात १७८९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेल्या आणि पुढे व्हरमाँटला नेलेल्या एका वळू घोड्यापासून निघाली. तिचा अरबीशी संकर जुनाच आहे, आणि ‘मोराब’ या नावाचे श्रेय वृत्तपत्रमालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांना दिले जाते. म्हणजे नाव १९२० च्या दशकापासून प्रचारात होते, पण मोराबची पहिली नोंदवही निघाली १९७३ मध्ये, आणि तीही आपल्याच राज्यात. मधली पन्नास वर्षे नाव होते, वही नव्हती. त्या काळातल्या किती चांगल्या घोड्या ‘मिश्र’ म्हणून विकल्या गेल्या असतील, याचा आज हिशेब लागणार नाही.

पुढे मोराबच्या एकाहून अधिक नोंदवह्या झाल्या. वही निवडताना तीत आईबापांचा पुरावा मागतात का आणि दोन्ही मूळ जातींच्या रक्ताचे प्रमाण साधारण पंचवीस ते पंचाहत्तर टक्क्यांच्या मर्यादेत ठेवतात का, एवढे पाहावे. घोडीचा एक पालक नोंदलेला शुद्ध अरबी असेल, तर तिची अर्ध-अरबी नोंदही राहू द्यावी, कारण त्यामुळे तिला उतरायला मैदान मिळते. मात्र प्रवेशअर्जावर, गोठ्याच्या पाटीवर आणि मुलगी जिथे जिथे घोडीविषयी बोलेल तिथे मोराब हेच नाव वापरावे, आणि सर्व जातींना खुल्या असलेल्या ड्रेसाज (शिकवलेल्या चालींच्या) किंवा दूरपल्ल्याच्या स्पर्धांत तिला आवर्जून उतरवावे. लोक जातीचे माहितीपत्रक विसरतात, पण आपल्या घोड्याच्या पुढे गेलेला घोडा कोणता हे विचारल्याशिवाय राहत नाहीत.

प्रश्न : माझ्या घोडीच्या अंगावर अशुभ मानला जाणारा भोवरा आहे. त्यामुळे नोंदणी नाकारली जाईल का?
— एक वाचक, ता. दौंड

नाही, नाकारली जाऊ नये. देवमण नावाचा भोवरा शुभ आणि अमुक भोवरा अशुभ ही बाजारातली भाषा आहे आणि तिने आजवर अनेक उत्तम घोड्यांची किंमत पाडली आहे. जातीच्या लक्षणांशी तिचा संबंध नाही. नोंदणीच्या दृष्टीने भोवरा फार मोलाचा आहे, पण वेगळ्या कारणाने. त्याची जागा जन्मभर बदलत नाही, केस गळले, रंग उजळला, वय वाढले तरी तो तिथेच असतो, आणि दोन घोड्यांचे सगळे भोवरे सारखे सहसा सापडत नाहीत. पाहणीला परीक्षक येतील तेव्हा तो भोवरा तेल लावून किंवा केस वळवून लपवू नका. मापाची फीत लावण्याआधी तोच आधी दाखवा आणि घोडीच्या आराखड्यावर त्याची जागा आपल्यासमोर काढून घ्या.